उजव्या फुप्फुसातलं पाणी आणि पाच फेऱ्या

हे मी त्या मुलीसाठी लिहिते आहे, जिच्या हातात आजच एक्स-रेचं मोठं पाकीट आलं आहे आणि जी घरी परतताना एसटीत कुणाशीच बोलत नाहीये. मीही एकदा त्या सीटवर बसले होते. पुढे काय काय होतं ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते.

मी रेणुका, डोणगावची. बाबा मेहकर डेपोत एसटीचे ड्रायव्हर आहेत, आई गावात अंगणवाडी सेविका. मी सायकल चालवते, म्हणजे रोड रेसिंग करते. आठवीत असताना आमच्या शाळेच्या क्रीडा शिक्षकांनी, सलीम सरांनी, मला मुलांच्या शर्यतीत उभं केलं आणि मी दुसरी आले, तिथून हे सुरू झालं. सर मूळचे मोताळ्याकडच्या रोहिणखेडचे. नोकरीसाठी मेहकरला आले आणि तिथलेच झाले. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या जुन्या रस्त्यावरचे ट्रक कमी झाले, त्यामुळे पहाटे डोणगाव ते मेहकर रस्ता जवळजवळ माझाच असायचा. सर मागून मोटरसायकलवर.

लपवाछपवी

अकरावीत होते. राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी दोन आठवड्यांवर आली होती. त्या महिन्यात रोज संध्याकाळी अंग गरम व्हायचं. मी म्हणायचे, ऊन लागलं. दीर्घ श्वास घेतला की उजव्या बरगड्यांखाली कळ यायची. मी म्हणायचे, हँडलवर वाकून वाकून दुखत असेल. डाव्या कुशीवर झोप लागत नव्हती, ते तर मी कुणालाच सांगितलं नाही.

मग एका सकाळी मेहकरच्या अलीकडच्या चढावर, जिथे मी कधी गियरसुद्धा बदलत नसे, मला पाय खाली टेकवावा लागला. दोन्ही हात हँडलवर ठेवून उभी राहिले, तोंड उघडं, आणि हवा आत जातच नव्हती. सरांनी मोटरसायकल लावली आणि विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, पोट दुखतंय. सरांनी माझी सायकल बाजूच्या ढाब्यावर ठेवली, मला मागे बसवलं आणि थेट घरी आणून आईसमोर उभं केलं. आईने माझ्या दंडाला धरलं. जर्सीची बाही तिच्या मुठीत गोळा झाली. रोज दुसऱ्यांची लेकरं वजनाला टांगणारी माझी आई, माझं वजन उतरलंय हे तिच्या लक्षात तेव्हा आलं.

कुणाला माझ्यासारखी शर्यत, परीक्षा, लग्न असं काही समोर असेल आणि म्हणून तुम्ही ताप लपवत असाल, तर लपवू नका. माझे जे तीन आठवडे मी वाचवले असं मला वाटलं, त्यांनीच पुढचे कितीतरी महिने खाल्ले.

तो दिवस

मेहकरच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. एक बाजू काळी होती. दुसरी खालून अर्ध्यापर्यंत पांढरी. फुप्फुसाभोवती पाणी साचलंय, बुलढाण्याला न्या, म्हणाले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात पाठीत सुई घालून ते पाणी काढलं. मला पुढे टेबलावर वाकून उशी कवटाळायला सांगितलं होतं. सुईपेक्षा मला बाटलीची भीती वाटली, कारण ती भरतच होती, चहाच्या फिक्या रंगाचं पाणी. हे सगळं माझ्या आत घेऊन मी चढ चढत होते.

तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर मॅडमनी आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. मला खुर्ची दिल्यावरच कळलं की काहीतरी मोठं आहे. त्या म्हणाल्या, टीबी आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता, आणि पूर्ण बरी होशील. या प्रकारात दुसऱ्याला लागण होण्याची भीती फारशी नसते, हेही त्यांनी सांगितलं. पण टीबी हा शब्द ऐकल्यावर पुढचं कुणाच्या कानात शिरलं असेल असं मला वाटत नाही.

बाबांनी एकच विचारलं. "हिले सायकल चालवता येईन काय, मॅडम?"

आई त्यांच्याकडे वळली. इतक्या हळू आवाजात ती कधी बोलत नाही. "आधी जगू द्या तिले."

बाबा उठून व्हरांड्यात गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होते: डबा आणला काय, गोळी दिली काय. बाबांना वाटायचं, सायकलचं नाव काढलं तर पोरीला उठायला कारण मिळेल. आईला वाटायचं, सायकलनेच पोरगी एवढी खंगली. दोघंही माझ्यासाठीच भांडत होते आणि मी मधल्या कॉटवर.

मॅडमनी बाबांना उत्तर मात्र दिलं होतं. गोळ्या पूर्ण झाल्या, एक्स-रे चांगला आला, तर का नाही येणार. पण तोपर्यंत शर्यत डोक्यातून काढायची. निवड चाचणीच्या दिवशी मी महिला वॉर्डात थर्मामीटर तोंडात धरून बसले होते.

वॉर्ड

वॉर्डाचा दिवस फिनेलच्या वासाने उगवतो. मग चहा, मग ताप मोजणं, मग मॅडमची फेरी, मग घरून आलेले डबे. दुपारी पंखा फिरतो आणि सगळ्या जणी छताकडे बघत पडतात. आधी मी भिंतीवरच्या घड्याळात सरावाच्या वेळा बघायचे. आता मी निघाले असते, आता चढावर असते. चौथ्या दिवशी मी ते बंद केलं, कारण त्याने तापापेक्षा जास्त थकायला व्हायचं.

शेजारच्या कॉटवर जनाबाई काकू होत्या, हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांना दुसऱ्यांदा टीबी झाला होता. पहिल्या वेळी बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या. हे त्यांनी मला लाजून नाही, नीट समजावून सांगितलं, जशी एखादी बाई भाजी कशामुळे करपली ते सांगते. माझ्या गोळ्या उलटून यायच्या. काकूंनी सांगितलं, गोळी घेताना गोळीकडं पाहू नको, बाहेर पाहात जाय, अन् मग खडीसाखर धर तोंडात. मी बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत गिळू लागले. आठवड्याभरात उलटी थांबली. लघवी लाल-नारिंगी होते, तेव्हाही मी घाबरून नर्सला हाक मारली होती. ते गोळीच्या रंगाने होतं, घाबरू नका.

श्वासासाठी प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं, आत गोट्यांसारख्या तीन गोळ्या असलेलं. ओढून श्वास घेतला की गोळ्या वर जातात. पहिल्या दिवशी माझी एकच गोळी हलली. राज्य स्पर्धेत पदक मिळवलेली मुलगी मी, आणि एक गोळी. काकू पोट धरून हसल्या आणि मग मीही हसले, बरगडी दुखेपर्यंत. आजारपणातलं माझं पहिलं हसणं ते.

निमोनिया

दहा दिवसांनी घरी आले. त्याआधीच आत्या येऊन बसली होती. तिने आईला सांगितलं की गावात टीबीचं नाव काढू नका, निमोनिया म्हणा, पोरीच्या जातीला हा डाग नको. आणि आईने ऐकलं.

मला याचा इतका राग आला की ताप परवडला असं वाटलं. टीबीचा कागद अंगणवाडीच्या भिंतीवर लावणारी बाई माझी आई. गोळ्या लपवू नका, पूर्ण करा, असं बायांच्या बैठकीत सांगणारी तीच. आणि माझ्या गोळ्या ती पोषण आहाराच्या पिशवीत, डाळीच्या पुड्यांखाली झाकून आणायची. माझं ताट वेगळं नव्हतं, पेला वेगळा नव्हता, तेवढं तिने केलं नाही. पण शेजारीण आली की ती औषधांवर टॉवेल टाकायची.

एकदा मी बोललेच. म्हटलं, "भिंतीवरचा कागद काढून टाक मग. खोटा हाये तो."

आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती कणीक मळत राहिली.

पुढच्या महिन्यात बायांच्या बैठकीत एका सासूने सांगितलं की तिच्या सुनेने लोक बोलतात म्हणून टीबीच्या गोळ्या बंद केल्या. आईने तिला नेहमीसारखं समजावलं. सासू म्हणाली, तुम्हाला सांगायला काय जातं. तेव्हा आई उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माही रेणुका बी तेच गोळ्या खाऊन राह्यली. निमोनिया नाई झाला तिले. टीबी झाला."

हे मला आईने स्वतः सांगितलं, भाकरी थापताना, पाठ माझ्याकडे करून. मी उठून तिच्याजवळ बसले आणि काटवटीतलं पीठ पुढे सरकवत राहिले.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. काही घरांतल्या बाया आमच्याकडचं पाणी प्यायच्या थांबल्या. आत्याने दिवाळीपर्यंत फोन केला नाही. पण त्या सुनेने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आणि बाबा बैठकीच्या रात्रीच आईला म्हणाले, चाल, उद्या सुट्टी घेतो, रेणुकाच्या एक्स-रेला तिघं जाऊ. कामापुरतं बोलणं तिथे संपलं.

पुन्हा सायकलवर

सहा महिन्यांनी मॅडमनी एक्स-रे बघितला आणि कागदावर लिहून दिलं की व्यायाम हळूहळू सुरू करायला हरकत नाही. एक गोष्ट त्यांनी नीट बजावली. आवरणाला व्रण राहिलाय, जोर लावला की उजव्या बाजूला ओढल्यासारखं दुखेल. ते दुखणं वेगळं आणि आजार वेगळा. ताप नसेल, वजन उतरत नसेल, तर त्या दुखण्याला भ्यायचं नाही.

सलीम सर माझी सायकल पुसून, साखळीला तेल देऊन घेऊन आले. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मेहकर गाठीन. सर म्हणाले, "बेटा, आज फक्त पुलापर्यंत." मी पुलाच्या आधीच थांबले. रस्त्याच्या कडेला बसून रडले, आणि सर दुसरीकडे तोंड करून फोनवर बोलल्याचं सोंग करत उभे राहिले.

त्यांनी माझा सराव अंतरावर मोजलाच नाही. आज किती दमली, उद्या सकाळी उठून कसं वाटलं, एवढंच वहीत लिहायला लावायचे. आजारानंतरच्या पहिल्या राज्य शर्यतीत मी इतकी मागे पडले की मागून येणारी रुग्णवाहिका माझ्याच वेगाने चालली. ड्रायव्हर काच खाली करून विचारत होता, बसता काय. मी मान हलवून नाही म्हटलं आणि शेवटची आले. पण आले.

मग हिवाळाभर दर रविवारी सर मला बुलढाण्याजवळच्या राजूर घाटात न्यायचे. खाली उतरायचं, वर चढायचं, पुन्हा खाली. पहिल्या रविवारी एकदा, फेब्रुवारीत सहा वेळा. आई डब्यात अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू द्यायची. सायकलचं नाव न काढणारी आई आता सरांना विचारायची, घाटात किती मिनिटं लागली. ज्युनिअर गटातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं. राष्ट्रीय शर्यतीत मी तिसरी आले आणि मुलींच्या संघात माझं नाव लागलं. थायलंडला, आशियातल्या ज्युनिअर मुलींच्या रोड शर्यतीला.

पाच फेऱ्या

आम्ही तिघी होतो. आमची आशा बिकानेरच्या सरोजवर होती, तिचा शेवटचा झपाटा भारी. माझं काम सोपं ठरवलं होतं. तिला पाणी पोचवायचं, आणि कुणी पुढे पळालं तर त्यांच्या मागे चिकटून राहायचं.

रस्ता पाच फेऱ्यांचा होता, प्रत्येक फेरीत एक लांब चढ. ऊन मला नवीन नाही. पण तिथली हवा ओली होती, घाम वाळतच नव्हता. पहिल्या फेरीत मी स्वतःच्या श्वासाकडेच कान लावून होते. दुसऱ्या फेरीत विसरले, कारण समोर बघण्याजोगं बरंच होतं.

तिसऱ्या फेरीत चढावर कझाकस्तानची उंच मुलगी पेडलवर उभी राहिली आणि पुढे निघाली. तिच्यामागे जपानची. व्हिएतनामची एक मुलगी माझ्या शेजारून गेली आणि मी तिचं चाक धरलं, म्हणजे तिच्या अगदी मागे चिकटले. वर पोचून मागे पाहिलं तर मोठा घोळका वळणाआड गेला होता. पुढे आम्ही चौघी.

मला चिकटून राहायचं होतं, पुढे राहून ओढायचं नव्हतं, कारण मागे सरोज होती आणि तिला आम्हाला गाठायचं होतं. बाकीच्या तिघी आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेत होत्या आणि माझ्याकडे रागाने बघत होत्या. चौथ्या फेरीच्या शेवटी आमचे राष्ट्रीय प्रशिक्षक रस्त्याच्या कडेला उभे दिसले. ते दोन्ही हात पुढे ढकलत होते. मला नंतर कळलं, मागे दोघी एकमेकींवर पडल्या होत्या आणि सरोजचं चाक त्यात गेलं होतं. तेव्हा एवढंच कळलं की आता मागच्या कुणाची वाट बघायची नाही. मीही पुढे जाऊन ओढायला लागले.

शेवटच्या फेरीत त्याच चढावर उजव्या बाजूला ओढलं. बरगड्यांखाली, अगदी तिथेच. एका क्षणात पाठीतली सुई, बाटली, सगळं आठवलं. समोरच्या चाकापासून माझं अंतर हातभर झालं, मग दोन हात. मी स्वतःला विचारलं, ताप आहे? नाही. वजन उतरलंय? कालच मोजलंय, नाही. श्वास आत जातोय? जातोय. दुखतोय, पण पूर्ण जातोय. मग मी सीटवरून उठले आणि ते दोन हातांचं अंतर भरून काढलं. माथ्यावर पोचले तेव्हा चौघींच्याही सायकली डुगडुगत होत्या. दमलेली मी एकटी नव्हते.

पदकं तीन आणि आम्ही चौघी. शेवटच्या सरळ रस्त्यावर वारा समोरून होता. कझाकस्तानची लवकर सुटली आणि कुणाच्या हाती लागली नाही. जपानची तिच्या मागे. उरलो मी आणि व्हिएतनामची मुलगी, हँडलला हँडल. राजूर घाटात सर मागून जे "अजून, अजून" ओरडायचे ते मी स्वतःवरच ओरडले, मराठीत, मोठ्याने. रेषेवर दोन्ही हातांनी सायकल पुढे फेकली.

कुणाचं चाक आधी गेलं ते कुणालाच कळलं नाही. पंच फोटो बघत आहेत, म्हणाले. आम्ही चौघी डांबरावर बसलो होतो आणि चौघीही खोकत होतो. जोराच्या शर्यतीनंतर घसा कोरडा पडून सगळ्यांनाच तसा खोकला येतो. आमच्या संघाच्या मॅडम धावत आल्या, त्यांना माझ्या आजाराचं माहीत होतं, चेहरा उतरला होता. मी बाकीच्या तिघींकडे बोट दाखवलं. त्या तिथेच थांबल्या आणि हसायला लागल्या.

मग एका माणसाने पाटी वर धरली. तिसऱ्या जागी माझा नंबर होता.

व्हिएतनामची मुलगी रडत होती. मी तिच्यापाशी गेले. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. तिने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट थोपटलं आणि आम्ही एका बाटलीतलं पाणी प्यायलो.

फोन

सलीम सरांना फोन लावला तर ते नुसतं "बेटा, बेटा" म्हणत राहिले. आईने अंगणवाडीत लेकरांच्या गलक्यात ऐकलं आणि विचारलं, दुखलं काय. मी म्हटलं, हाव, दुखलं, पण ते वेगळं दुखणं. ती म्हणाली, "मंग चांगलं झालं."

बाबा गाडीवर होते. चिखलीहून निघालेली मेहकरची गाडी. ड्युटीवर ते फोन घेत नाहीत. निरोप कंडक्टरच्या फोनवर गेला आणि त्याने भर गाडीत सगळ्यांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. बाबांनी गाडी थांबवली नाही, वेगही वाढवला नाही. गाडी वेळेवर मेहकरला आणली, फलाटाला लावली, प्रवासी उतरले, आणि मग मला फोन केला.

आधी विचारलं, तिकडं किती वाजले. मग विचारलं, जेवली काय. मी म्हटलं, नाही अजून, पदक मिळायचं आहे. ते म्हणाले, बरं. मागे डेपोतला भोंगा वाजत होता. मी विचारलं, बाबा, घरी नाही गेले अजून?

"गाडी लावून अर्धा घंटा झाला," ते म्हणाले. "उतरायला पाहून राह्यलो, पण पायच उचलून नाई राह्यले मले."